ओ येईपर्यंत

“वहिनी कंपनीत नेमकं काय करतात?” असं कुणी विचारलं, की आमचे हे मला बोलूच द्यायचे नाहीत. “लोकांच्या चुका काढते,” म्हणायचे. “तिथं पगार मिळतो, घरी फुकट.” नोकरी असेपर्यंत हा विनोद मी ऐकला. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून खोडला नाही. एरवी खोडणं हाच माझा धंदा.

मी ड्रायव्हरचा कोड तपासायचे. यावरून सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, “तुमच्याकडे ड्रायव्हर पुष्कळ असतील ना हो? आमच्या जावयांना एक पाहिजे, न पिणारा.” तेव्हा आधी हे सांगून टाकते, की आमचे ड्रायव्हर गाडी चालवत नाहीत आणि पीतही नाहीत.

कुठल्याही संगणकात, मग तो टेबलावरचा असो की एखाद्या डब्यात बसवलेला, एक मूळ प्रोग्राम असतो. त्याला कर्नल म्हणतात. सगळा कारभार त्याच्या हातात. पण यंत्राला जोडलेल्या प्रत्येक भागाची रीत निराळी असते. कुणाला वीज किती द्यायची, दिल्यावर किती वेळ थांबायचं, मग त्याच्याशी कोणत्या क्रमानं बोलायचं, हे कर्नलला माहीत नसतं. ते ज्या छोट्या प्रोग्राममध्ये लिहिलेलं असतं, तो त्या भागाचा ड्रायव्हर. ड्रायव्हरनं आधी भागाला वीज द्यायची आणि मग ‘आहेस का रे?’ असं विचारायचं. भाग आपला ओळखक्रमांक सांगतो. तो आला की त्याची हजेरी लागली. नाही आला, तर तो भाग नाहीच असं धरून यंत्र पुढे जातं. पुन्हा कुणी विचारत बसत नाही.

या विचारण्याला इंग्रजीत शब्द आहे, पण आमच्या ऑफिसात तो कुणी वापरायचं नाही. आम्ही म्हणायचो हाक आणि ओ. “हाक मारली, ओ आली नाही,” म्हटलं की सगळ्यांना कळायचं कुठं अडलंय. हा शब्द आणला साळव्यांनी.

साळवे कन्नड तालुक्यातले. डिप्लोमा करून वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात लागले, तिथून आमच्याकडे बोर्ड तपासायच्या टेबलावर आले आणि चाळिशी उलटल्यावर आपलं आपण प्रोग्रामिंग शिकले. हातात सोल्डरिंगची कांडी असताना शेजारच्या पडद्यावर कोड लिहिणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. माझं टेबल आणि त्यांचं टेबल शेजारी होतं, मध्ये फक्त एक पत्र्याचं कपाट. हे टेबलाचं लक्षात ठेवा.

आता तपासणी कशी चालते ते. लिहिणाऱ्यानं कोड मेलवर पाठवायचा. मी तो ओळीओळीनं वाचायचा आणि खटकेल तिथं खाली शेरा मारायचा. त्यानं दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. माझं समाधान झालं, की कोडबरोबर ‘तपासलं’ म्हणून माझं नाव कायमचं चिकटायचं. पुढे कोड बदलतो, लिहिणारा नोकरी सोडतो, कंपनी जागा बदलते, पण ते नाव नोंदीतून जात नाही. त्यामुळे मी सहजासहजी नाव द्यायची नाही. माझा सगळ्यात आवडता शेरा एका शब्दाचा होता: “कारण?” कुणी कुठं पाचऐवजी सात लिहिलं, कुणी उगीच एक ओळ वर नेली, की खाली “कारण?” नव्या पोरांनी माझं नावच ‘कारण मॅडम’ ठेवलं होतं. मला ते कळलं तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

आमची कंपनी लहान होती. वाळूजला एक शेड, अठरा-वीस माणसं. आधी आम्ही कारखान्यांसाठी छोटी यंत्रं करायचो. मग ती लागोपाठची दुष्काळी वर्षं आली. शहर तर दोन्ही अंगांनी पसरत होतं. सातारा, देवळाई, बीड बायपासकडे जिकडेतिकडे फ्लॅट, आणि फ्लॅटला पाइपलाइन नाही. आमच्या सिडकोत नळाला पाणी यायचा वार ठरलेला, पण तो वारही दर खेपेला पुढे सरकायचा. लोक एकमेकांना नमस्कार करायच्या आधी ‘तुमच्याकडे आलं का?’ विचारायचे. तेव्हा आमच्या मालकांच्या डोक्यात आलं, की टाकीत पाणी किती आहे हे सांगणारा डबा करावा. टँकरवाल्यांना बसल्याजागी कळेल, कुठं आधी जायचं.

जेवणाच्या डब्याएवढा डबा. आत छोटा संगणक, वर सोलरचं पॅनल, आणि त्यातून निघालेल्या वायरच्या टोकाला एक सेन्सर. तो टाकीच्या झाकणाला उलटा लटकवायचा. तो आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि त्यावरून पाणी किती खाली गेलंय ते सांगतो. बॅटरी लहान, म्हणून रात्री डबा पूर्ण झोपायचा. सकाळी सहाला उठायचा, सेन्सरला वीज द्यायचा, हाक मारायचा, हजेरी घ्यायचा आणि मग दिवसभर दर तासाला पाण्याचा निरोप पाठवायचा.

पहिल्या वर्षी एक गमतीची तक्रार आली. शहागंजात खारीक-खोबऱ्याचं दुकान असलेले एक सेठ होते. त्यांच्या तीन मजली इमारतीच्या टाकीवर आम्ही डबा लावला होता. एके दुपारी त्यांचा फोन.

“मॅडम, आपका डब्बा तो वली हो गया.” वली म्हणजे न दिसणारंही जाणणारा सिद्धपुरुष.

“का हो, काय झालं?”

“रंग मारने के वास्ते टंकी खाली कराया. सेंसर निकाल के मेरे दराज में रख दिया, चार दिन हो गए. और उनो रोज बोल रा, सेंसर हाजिर, टंकी फुल! दराज में कायका पानी जी?”

मी शहागंजात गेले. सेठनी टेबलाचा खण उघडून दाखवला. आत सेन्सर, पावतीपुस्तक आणि अर्धी सुपारी. तासाभरात उलगडा झाला. वायर रिकामी असली, की त्या वायरीवर काहीच नसतं असं नाही. यंत्राला तिथं सगळे आकडे भरलेले दिसतात. आणि आमचा तो जुना ड्रायव्हर काहीही ऐकू आलं की ओ आली असं समजायचा. रिकाम्या आडात हाक मारली तर आपलाच आवाज परत येतो, तसं. त्यानं ओळखक्रमांक पडताळलाच नव्हता. मी त्याच आठवड्यात नियम केला, की क्रमांक अक्षरनअक्षर जुळल्याशिवाय ओ धरायची नाही. सेठनी खुश होऊन किलोभर खारीक दिली. ऑफिसात माझं कौतुक झालं. आणि खरं सांगते, त्या खारकेनं मी चढले. आपल्या डोळ्यातून काही सुटत नाही असं मला वाटायला लागलं.

त्यानंतरच्या वर्षी कन्नडच्या बाजूच्या सहा गावांत डबे लावायचं ठरलं. गावं निवडली साळव्यांनी, कारण ओळखीशिवाय कुणी आपल्या टाकीवर चढू देत नाही. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. तिथं त्यांची मोठी बहीण, आक्का, गावाला पाणी सोडायचं काम करायची. नवरा करायचा, तो गेल्यावर गावानं ते काम तिच्याकडेच ठेवलं. साळव्यांनी पारावर उभं राहून सांगितलं होतं, की हा डबा मी स्वतः केलाय, हा खोटं बोलणार नाही. गावानं डबा लावू दिला तो डब्याकडे बघून नाही, साळव्यांच्या शब्दावर.

जानेवारीत बसवून आल्यावर त्यांनी मला दोन-तीन छोट्या दुरुस्त्या एकत्र पाठवल्या. त्यातली एक अशी. सेन्सरला वीज दिल्यावर हाक मारण्याआधी ड्रायव्हर पन्नास मिलिसेकंद थांबायचा. एका सेकंदाचे हजार भाग करा, त्यातले पन्नास. साळव्यांनी तिथं तीनशे केले होते आणि त्या ओळीच्या शेजारी रोमन लिपीत टीप लिहिली होती: dam dhara. दम धरा.

मी डेटाशीट काढलं. डेटाशीट म्हणजे भाग बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली माहितीची पोथी. तिच्यात स्पष्ट पन्नास लिहिलेलं होतं. मी स्वतःच पूर्वी त्याखाली लाल रेघ ओढलेली होती. मग मी शेरा मारला. पहिला: “कारण?” दुसरा: डेटाशीटमध्ये पन्नास आहे, पन्नास करावे. आणि तिसरा, टिपेबद्दल: कोडमधली टीप इंग्रजीत आणि अर्थ लागेल अशी असावी, ही काय भाषा झाली?

हे तिन्ही शेरे मी मेलनं पाठवले. कपाटापलीकडे साळवे बसले होते. मेल पोचल्याचा त्यांच्या संगणकाचा ‘टिंग’ मला ऐकू आला.

दहा मिनिटांनी ते कपाटाच्या कडेला येऊन उभे राहिले. “मॅडम, गावाकडं पन्नास पुरत नाय.”

“मोजलंत का? आकडे असतील तर लिहून पाठवा. मी बघते.”

ते म्हणाले, “बरं.”

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती परत आली. पन्नास होतं तसंच ठेवलेलं, टीप काढलेली. मी ‘तपासलं’ म्हणून नाव दिलं आणि सहाच्या बसनं घरी आले. साळव्यांचं ‘बरं’ म्हणजे होकार असतो असं मला तेव्हा वाटायचं.

फेब्रुवारीत कन्नडकडून फोन आला. मला नाही, साळव्यांना. ते फोन कानाला लावून शेडच्या बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

“आक्काचा फोन हुता. टाकी पाच दिस झाले कोरडी हाय. आपला डबा रोज सांगतोय, तीन फूट पानी. टँकरवाला म्हनतो, तुमच्याकडं पानी हाय, आधी दुसऱ्या गावाला सोडतो.”

“पाच दिवस लोक काय करतायत?”

“बाया दीड कोसावरच्या शेतातल्या हिरीवर जात्यात.” मग म्हणाले, “गावात म्हण झालीय मॅडम. डब्यात पानी, टाकीत वारं. आक्काला तोंडावर म्हनत्यात, तुझ्या भावाचा डबा पानी पितो.”

टँकर पाठवायची सोय मालकांनी त्याच दिवशी फोन करून लावली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या जीपनं आम्ही दोघं निघालो. बरोबर विजेचा चढ-उतार पडद्यावर रेघेनं दाखवणारं मोजयंत्र घेतलं. घाट दिसायला लागला तेव्हा मी म्हटलं, “सेन्सर खराब असेल.” ते म्हणाले, “असंल.”

आक्का दारातच उभी होती. साठीची, उंच, कमरेला पदर खोचलेला, आणि हातात व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी. तिनं भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला आपादमस्तक न्याहाळलं.

“तुमीच का त्या चुका काढनाऱ्या बाई?”

“हो.”

“मग ही कशी ऱ्हायली?”

तिनं पाणी दिलं, तांब्यात अर्धंच. त्या दिवसांत अर्धा तांब्या ही मोठी गोष्ट होती, आणि मी तो निमूट संपवला.

पारावरून जाताना साळव्यांनी राम राम केला. एकानंही मान वर केली नाही. ज्या माणसाच्या मुलाला साळव्यांनी वाळूजला कामाला लावलं होतं, तोही तंबाखू मळत राहिला. साळवे खाली बघून पुढे चालत राहिले.

सकाळी सहाच्या आत आम्ही टाकीखाली होतो. गारठा असा, की माझ्या बोटांना पेचकस धरवेना. आक्कानं वरचं पॅनल तेवढं सोडून डब्याला पोतं गुंडाळून ते सुतळीनं बांधून ठेवलं होतं. म्हणाली, “त्याचं थोबाड बघू वाटंना.” साळव्यांनी पोतं सोडलं. पॅनलवर बोटभर धूळ. डब्यापासून टाकीच्या माथ्यापर्यंत वीस मीटर वायर. ऑफिसात आमच्या टेबलावर ती हातभर होती. आक्कानं एक हंडा पालथा घातला, त्यावर मी मोजयंत्र ठेवलं. सहाला डबा उठला.

पडद्यावर रेघ चढायला लागली. एरवी ती एकदम सरळ वर जाते. इथं ती दमेकरी माणसासारखी चढत होती. गार बॅटरी, धुळीनं अर्धवट भरलेली, लांब वायर. वीज दिल्यापासून पन्नासाव्या मिलिसेकंदाला ड्रायव्हरनं हाक मारली. तेव्हा सेन्सरपाशी वीज निम्मीसुद्धा पोचली नव्हती. ओ आली नाही. ड्रायव्हरनं त्याला गैरहजर धरलं. वीज पूर्ण पोचली एकशे नव्वदला. सेन्सर जागा झाला, पण आता त्याला विचारणारं कुणी नव्हतं. दिवसभर कुणी विचारणार नव्हतं.

एकशे नव्वद, आणि वर सेन्सरचे स्वतःचे पन्नास. दोनशे चाळीस. थोडी सवलत धरली की तीनशे.

“साळवे,” मी म्हटलं, “हे तीनशे तुम्ही कुठून काढलं होतं?”

“बसवायला आल्तो तवा तीन दिस सकाळी इथं बसलो हुतो. शंभरला ओ नाय. दोनशेला कवा हाय, कवा नाय. तीनशेला रोज. म्हनून तीनशे.”

“मग हे मला लिहून का नाही दिलंत? मी विचारलं होतं ना, कारण?”

साळवे माझ्याशी इतक्या वर्षांत कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते. तेव्हाही नाही बोलले.

“तुमी लिवलं हुतं, मॅडम. विचारलं कुठं?” मग वायर गुंडाळत म्हणाले, “इंग्रजीत चार ओळी लिवायला मला तास लागतो. अन् तुमी कारण वाचत नाय, व्याकरण वाचता. मागच्या खेपेला मी ‘हॅव’ लिवलं तर तुमी त्याचं ‘हॅज’ करून धाडलं. समद्यांना दिसंल असं.”

मला ते आठवत होतं. मला तेव्हा तो माझा चोखपणा वाटला होता.

आठ वाजता टँकर आला. टाकी थोडी भरल्यावर आक्का चावी घेऊन व्हॉल्व्हपाशी गेली. खाली नळावर बायका रांगेत होत्या, पण एकीनंही हंडा नळाखाली ठेवला नव्हता. सगळे हंडे बाजूला. आक्कानं चावी फिरवली. नळानं आधी नुसता फुसफुस आवाज केला, खोकल्यासारखे दोन आचके दिले, गढूळ चूळ टाकली, आणि मग धार लागली. तेव्हा पहिला हंडा खाली सरकला.

“आधी वारं, मग पानी,” आक्का मला म्हणाली. शहरातल्या बाईला हे माहीत नसणार असं तिला वाटलं असावं. “वाऱ्याखाली हंडा धरून काय उपेग? दम धरावा लागतो.”

“किती वेळ लागतो?”

“कोनच्या नळाला? वरच्या आळीला येगळा, खालच्या आळीला येगळा. चावी फिरवली म्हंजी पानी आलं का? पानी आलं म्हंजी पानी आलं.”

मी जीपमध्ये जाऊन पिशवीतलं डेटाशीट काढलं. लाल रेघ ओढलेला पन्नासचा आकडा होता तिथंच. त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, तिच्याखाली मी रेघ ओढली नव्हती. हा वेळ सेन्सरपाशी वीज पूर्ण पोचल्यापासून धरावा. मी तो चावी फिरवल्यापासून धरला होता. म्हणजे पोथी चूक नव्हती, साळवे चूक नव्हते. मी, कारण मॅडम, चूक होते. इतक्या वर्षांत अशी शरम मला कधी वाटली नव्हती.

पण आक्काचं संपलं नव्हतं. निघताना तिनं मला अडवलं. “त्याला ऐकू आलं नाय, ते समजलं. मानसालाबी येत नाय कवा. पर ऐकू आलं नाय तर तीन फूट कुठनं आनले त्यानं?”

हा तिचा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. सेन्सर गैरहजर असला, की डबा शेवटचा माहीत असलेला आकडाच पुन्हापुन्हा पाठवायचा. तीन फूट हा साळवे बसवून गेले तेव्हाचा. टँकर लावणाऱ्या ठेकेदारानं तसं मागितलं होतं, पडद्यावर रिकाम्या जागा दिसल्या की त्याला आवडायचं नाही. त्या कोडवरही ‘तपासलं’ म्हणून माझंच नाव होतं. तिथं मी “कारण?” लिहिलं नव्हतं, कारण कारण सांगितलेलं होतं, चांगल्या इंग्रजीत.

मी हे तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“ठाऊक नसंल तर ठाऊक नाय म्हनायला त्याचं काय जातंय? तसं म्हनत असंल तर ऱ्हाऊ द्या त्याला. नायतर घिऊन जा.”

वाळूजला परत आल्यावर मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, “अहो, पडद्यावर ‘माहीत नाही’ दिसलं तर गिऱ्हाईक म्हणेल डबा बिघडलाय.”

“बिघडलेलाच असतो तेव्हा तो.”

“एका ओळीसाठी एवढं?”

“हो. नाहीतर यापुढे माझं नाव कशालाच लागणार नाही.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “करा काय करायचं ते. तुमच्यापुढे कुणाचं चाललंय?” ती ओळ बदलली. नोकरीत मी जे काही केलं त्यातलं हे एक मी अजून अभिमानानं सांगते, आणि त्याची अक्कल आक्काची होती.

दुरुस्ती साळव्यांनी लिहिली. या धंद्यात एक चांगली रीत आहे. ज्यानं दोष लक्षात आणून दिला, त्याचं नाव दुरुस्तीबरोबर नोंदतात. साळव्यांनी तिथं आक्काचं पूर्ण नाव लिहिलं. मी तपासलं, एक अक्षर न बदलता. फक्त तीनशेच्या ओळीशेजारी त्यांनी टीप लिहिली नव्हती, ती मी घातली. आधी इंग्रजीत दोन ओळींचं कारण, आणि त्याखाली dam dhara. साळव्यांनी आक्काला फोन करून सांगितलं, की तुझं नाव संगणकात कायमचं लागलंय. ती म्हणाली, “नाव कशाला? धूळ पुसायला कापड धाड.”

गाव मात्र एका दुरुस्तीनं ऐकणार नव्हतं. आक्कानं पोतं पुन्हा बांधलंच होतं. साळवे त्या उन्हाळ्यात दर रविवारी एसटीनं गावी जायचे. पोतं सोडायचे, डबा किती सांगतोय ते फोनच्या पडद्यावरून पारावर मोठ्यानं वाचायचे. मग आक्का टाकीवर चढून खुणा केलेला बांबू आत सोडायची आणि वरून मोठ्यानं आकडा सांगायची. सुरुवातीला ऐकायला चार पोरं असायची. मग रिकामटेकडी म्हातारी मंडळी जमायला लागली, पुढेपुढे तर पैजा लागायच्या. एका रविवारी पडद्यावर ‘माहीत नाही’ आलं. पारावर हशा पिकला. आक्का वर चढली, आणि बघते तर सेन्सरवर गांधीलमाश्यांनी घर केलेलं. तिनं वरून ओरडून सांगितलं, “खरं बोल्ला! त्याला दिसतच नव्हतं!”

त्या दिवशी तिनं पोतं सोडलं ते परत बांधलं नाही. आणि तंबाखू मळणारा तो माणूस साळव्यांना म्हणाला, “बसा की, चहा घ्या.” साळव्यांनी हे मला सोमवारी सांगितलं. सांगता सांगता ते उठून सोल्डरिंगची कांडी गरम करायला गेले.

माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागत राहिले. शेरा मारला की “बरं.” पण आता मला त्या ‘बरं’चा अर्थ कळत होता, की सांगायला कारण आहे पण सांगत नाही, आणि कपाटाला वळसा घालून पलीकडे जायला मला नेहमीच काहीतरी कारण आडवं यायचं. कधी काम, कधी मान. ते कपाट हलवायचं माझ्या मनात कितीदा तरी आलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच होतं.

आता आम्ही देवळाईकडे फ्लॅटमध्ये राहतो. सकाळी टँकरच्या भोंग्यानं जाग येते. माझ्या जागेवर आता साळवे तपासतात. कंपनी वाढली, कोड लिहिणारी काही मुलं दुसऱ्या शहरांत बसून काम करतात. परवा त्यांचा फोन आला.

“मॅडम, पुन्याहून एका पोरीनं कोड धाडलाय. भागाची वीज बंद करून परत चालू करताना मधी दोन सेकंद थांबलीय. दोन सेकंद म्हंजी लईच. अन् शेजारी कारण काय लिवलेलं नाय.”

“मग?”

“मग काय, माझी बोटं आपोआप ‘कारण?’ टायपायला गेली. तुमचीच सवय.” ते हसले. मीही हसले. “अर्धं टाइप झाल्तं. मग खोडलं अन् तिला फोन लावला. पाऊन तास बोलली पोरगी. लई वणवण केलीय तिनं त्या दोन सेकंदांसाठी. बराबर हायत.”

“छान केलंत. फोन केलात ते फार चांगलं केलंत.”

मग साळवे म्हणाले, अगदी सहज, रागावून नाही.

“ती तरी पुन्यात हुती, मॅडम. मी तर कपाटाच्या पल्याड हुतो.”

सांगायला माझ्याकडे पुष्कळ कारणं होती. घाई होती, कामाचा बोजा होता, तेव्हाची रीतच तशी होती. एकेक तोंडाशी आलं, आणि एकेक मी खोडलं. साळवे थांबले होते.

मी म्हटलं, “बरं.”